अकरा दिवसांचं लायसन

आत्या नैरोबीहून कायमची परत आली तेव्हा तिच्याबरोबर दोन ट्रंका, एक लाकडी जिराफ आणि एक मोटारगाडी होती. जिराफ तिने बोटीतून आणि आगगाडीतून काखेत धरून आणला. गाडी मागाहून आली, मुंबईच्या गोदीतून मालगाडीवर चढून, आणि यशवंतपूरच्या यार्डात ताडपत्रीखाली चार दिवस उभी राहिली. छोटीशी, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची आणि किंचित तिरळी. म्हणजे तिचा डावा दिवा जरा खाली बघायचा. बाबांनी दोनदा विचारलं, हा असा का. आत्या म्हणाली, "स्वभाव आहे तिचा. लाजाळू आहे." आणि माझ्याकडे बघून हसली.

आईचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. "परदेशातून लोक सोनं आणतात, वन्सं. गाडी काही लग्नकार्यात अंगावर घालता येत नाही."

"आणि सोनं शाळेत नेऊन सोडत नाही, वहिनी."

शाळेचा मुद्दा खरा होता. आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन आफ्रिकेत गेली, यजमान तिथल्या रेल्वेच्या ऑफिसात होते. ते वारल्यावर 'परत ये' अशी पत्रं सगळ्यांनी लिहिली. ती आली नाही. मुलींच्या शाळेत शिकवू लागली, शाळा लांब म्हणून गाडी शिकली आणि चौदा वर्षं चालवली. मग तो देश स्वतंत्र झाला, ओळखीची घरं एकेक करून रिकामी होऊ लागली, तेव्हा कुठे ती निघाली. बंगलोरला येऊन महिना झाला नाही तोच तिने नोकरी शोधली, तीही यशवंतपूरच्या पलीकडे, तुमकूरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत. शाळा जूनमध्ये उघडणार होती. बस अर्ध्या वाटेपर्यंत जायची आणि पुढे आपल्या मर्जीने.

बाबा म्हणाले, "ड्रायव्हर ठेवू."

"ड्रायव्हरचा पगार दिल्यावर माझ्या पगारातून एक शेंगदाण्याची पुडी येईल, दादा."

दुसरं कारण तिने मला एकटीला सांगितलं. मागच्या सीटवर बसलं की तिला मळमळतं. चौदा वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला गाडी लागते, हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मला गोष्टी सांगायला लोकांना आवडायचं, कारण त्या पुढे जात नसत. आम्ही मूळचे पुण्याचे. बाबांना इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मल्लेश्वरमला भाड्याचं घर घेतलं आणि मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. घरी मराठी, भाजीवालीशी कानडी, शाळेत इंग्रजी. तिन्ही भाषा येत होत्या आणि तिन्हींत मी फारशी बोलत नसे. पण लिहीत असे. माझं अक्षर नन्सनी पट्टीच्या जोरावर वळणदार केलेलं होतं, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी लिखाण माझ्याकडे येई. पोस्टाचे अर्ज, वीज खात्याकडे तक्रार, शेजारच्या आजोबांचं पेन्शनचं पत्रसुद्धा. मला ते आवडायचं. कागद आपल्याला 'जरा मोठ्याने बोल' म्हणत नाही.

आत्याचं नैरोबीचं लायसन इथे चाललं नाही. चालण्यासारखं ते राहिलंही नव्हतं. बोटीवर ट्रंकेत पाणी शिरलं होतं, आणि लायसनच्या पुस्तिकेत शाई पसरून तिचं नाव, वय आणि गाडीचा वर्ग एकमेकांत मिसळले होते. मग ती इथल्या परीक्षेला बसली. मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवली, हात बाहेर काढून डावीकडचे-उजवीकडचे इशारे केले, आणि खाली उतरून परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरला सांगितलं की तुमच्या जीपच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. त्याने मुकाट्याने सही केली. आत्याला म्हैसूर राज्याचं कोरं करकरीत लायसन मिळालं. आता फक्त विमा उरला होता. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती.

विम्यासाठी बाबांनी ज्यांना बोलावलं ते मराठीच होते, पण आमच्यासारखे नाहीत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. चिकपेटेत त्यांच्या भावांचं लुगड्यांचं दुकान होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक कमी असेल त्या वेळी हे विम्याची एजन्सी चालवत. काळी टोपी, कपाळावर बारीक गंध, बगलेत कागदांची पिशवी. ते बोलू लागले की आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची, कारण त्यांच्या मराठीत मधूनच कानडी शब्द असा यायचा, जसा भातात खडा. त्या खड्याला ते अडखळत नसत, आपणच अडखळायचो. बाबांना ते अण्णा म्हणत, आत्याला अक्का आणि मला पुट्टी. पुट्टी म्हणजे कानडीत लहान मुलगी. मी एकोणीस वर्षांची होते.

त्यांची एक पद्धत होती. आले की आधी घड्याळ बघायचे. राहुकाळ चालू असेल तर पिशवी उघडायची नाही. नुसती कॉफी प्यायची, पावसापाण्याचं बोलायचं, आणि राहुकाळ संपला की जणू आत्ताच आलो अशा आवाजात म्हणायचं, "सरी, आता कामाचं बघूया." सरी म्हणजे कानडीत 'बरं'. आम्ही पुण्याचे लोक राहुकाळ पाळत नसू. बाबांनी एकदा विचारलं, "विमा कंपनी स्वतःच अपघाताची भरपाई देते ना? मग तुम्हांला राहूची काय भीती?"

"अण्णा, कंपनी भरपाई देते. राहू देत नाही."

दुसरी पद्धत फॉर्म भरण्याची. फॉर्म चार पानांचा, बारीक छापलेला. एजंट गिऱ्हाइकाची सही घ्यायचे आणि बाकीचं घरी जाऊन स्वतः भरायचे. सगळ्या प्रश्नांना त्यांची दोनच उत्तरं ठरलेली होती, 'नो' आणि 'निल'. "वीस वर्षं हेच लिहितो अक्का. कंपनी खूश, मी खूश." पण त्या दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, आणि टेबलावर मी लिहिलेलं आजोबांच्या पेन्शनचं पत्र पडलं होतं. त्यांनी ते लांब धरून बघितलं. "हे काय मोती आहेत का अक्षर? पुट्टीच भरू दे. स्वल्प काम आहे."

ते स्वल्प काम मला तीन दिवस पुरलं.

शाळेत आम्हांला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एकही प्रश्न सोडायचा नाही, आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं, प्रश्नातले शब्द घेऊन. 'नो' लिहिणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं राहावं लागे. फॉर्मच्या शेवटी तर स्पष्ट छापलेलं होतं की विचारलेलं काहीही लपवू नये. मी नाव, पत्ता, धंदा इथपर्यंत आले आणि इंजिनाचा नंबर उतरवायला गाडीत जाऊन बसले. पुढच्या कप्प्यात गाडीचे कागद होते. त्यांतच एक पत्र होतं, नैरोबीच्या विमा कंपनीचं. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गाडी रस्ता सोडून एका वारुळावर गेली, त्याची भरपाई मंजूर झाल्याचं ते पत्र होतं.

मी ते घेऊन आत्याकडे गेले. ती पडवीत शेंगा सोलत होती. पत्र बघून तिने आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग इतकी हसली की परातीतल्या शेंगा सांडल्या.

"अगं, चिखल असा होता, साबणच! मी ब्रेक लावला आणि गाडी आपली पोले पोले निघाली वारुळाकडे." पोले पोले म्हणजे तिकडच्या भाषेत हळूहळू. "मला सगळं दिसत होतं. थांबवता येत नव्हतं. वारूळ केवढं, तर आपल्या न्हाणीघराएवढं. दिव्यावर आदळलो. मुंग्या बाहेर आल्या, आम्हांला बघून परत आत गेल्या." मग तिने आवाज खाली आणला. "दादाला सांगू नकोस हं. त्याला मी म्हटलंय, चौदा वर्षांत ओरखडा नाही."

मी दादाला सांगितलं नाही. विमा कंपनीला सांगितलं.

फॉर्ममध्ये विचारलंच होतं, गेल्या पाच वर्षांत अपघात झाला असल्यास तपशील द्या. मी दिला. गाडी कशी हळूहळू घसरली, वारुळाची उंची किती, कुणालाही इजा झाली नाही, मुंग्यांविषयी निश्चित माहिती नाही. नजर व श्रवण यांत दोष आहे काय, याच्या उत्तरात लिहिलं की चालकाला वाचायला चष्मा लागतो, परंतु लांबचं उत्तम दिसतं. श्रवण चांगलं आहे, परंतु चालक इतरांचं ऐकतेच असं नाही. हे वाक्य आईने सुचवलं होतं. आणि लायसन केव्हा मिळालं, या प्रश्नाला मी इंग्रजीत जे वाक्य लिहिलं ते मला अजून पाठ आहे. त्याचा अर्थ असा: माझी आत्या चौदा वर्षं गाडी चालवत आहे, परंतु तिचं लायसन अकरा दिवसांचं आहे.

आत्याने न वाचता सही केली. एजंटांनी चष्म्याशिवाय फॉर्म घेतला, अक्षराची पुन्हा एकदा तारीफ केली आणि राहुकाळ लागायच्या आत निघून गेले.

दहा दिवसांनी ते आले ते घड्याळाकडे न बघताच. हातात कंपनीचं पत्र होतं. सगळे बैठकीत बसले आणि पत्र अर्थात माझ्या हातात आलं, कारण इंग्रजी वाचायचं काम माझं. कंपनीने लिहिलं होतं की ज्या चालकाचं लायसन एका वर्षाच्या आतलं आहे त्याला नेहमीपेक्षा बराच जास्त हप्ता पडतो. आधीच्या अनुभवाचा काही पुरावा जोडलेला नाही. त्यातून अपघाताचाही उल्लेख आहे. तेव्हा हप्ता जवळजवळ दुप्पट होईल. मात्र मालकीणबाईंनी स्वतः गाडी न चालवता पाच वर्षं जुनं लायसन असलेला पगारी ड्रायव्हर ठेवल्यास साधा दर लागू राहील.

'अपघात' हा शब्द मी शक्य तितका हळू वाचला.

"कसला अपघात?" बाबा म्हणाले.

एजंटांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुट्टी, काय केलंस हे? वारूळ! वारुळाचं कोणी लिहितं का? वीस वर्षांत आमच्या कंपनीत मुंगी शिरली नव्हती."

"वन्सं," आई म्हणाली, "तो दिवा लाजाळू म्हणून खाली बघतो होय?"

आत्या उठून आत गेली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना मीठ हवं असेल तर आईकडून मागे. जिराफ माझ्या टेबलावर असे तो तिने उचलून आपल्या ट्रंकेवर ठेवला. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त म्हणजे कळत नव्हतं की मी चुकीचं काय लिहिलं. सगळं खरंच होतं. दुप्पट हप्ता तिला झेपणारा नव्हता, गाडी सोडवतानाच्या जकातीत तिची शिल्लक बरीच गेली होती. आणि ड्रायव्हर ठेवायचा तर नोकरी कशासाठी करायची? शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते.

बाबांनी ड्रायव्हर आणलाच. चांगला माणूस होता, पन्नाशीचा, पांढरेशुभ्र कपडे, बारा वर्षं जुनं लायसन. ते लायसन त्याने मेणकापडात गुंडाळून ठेवलं होतं आणि उलगडताना देवाचा अंगारा काढावा तसा काढला. एजंटांनी त्याच्या नावावर महिन्याभराची तात्पुरती कव्हर नोट आणली. म्हणजे महिनाभर गाडी त्याने चालवली तर विमा, आत्याने चालवली तर नाही.

पहिल्या दिवशी आम्ही देवळापर्यंत गेलो. तो पुढे, मी त्याच्या शेजारी, मागे आत्या. गाडी माणसाच्या चालीने निघाली. एक कुत्रं आमच्या पुढे गेलं, मग एक सायकल, मग डोक्यावर टोपली घेतलेली बाई. प्रत्येक विजेच्या खांबापाशी तो हॉर्न वाजवायचा. चढ आला की गाडी थांबवून तो चढाकडे आदराने बघायचा. मी आरशात पाहिलं. आत्या रुमाल तोंडाशी धरून बसली होती आणि तिचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता.

"बारा वर्षं कुठे चालवत होता?" मी त्याला कानडीत विचारलं. आत्याला कानडी येत नव्हती.

"एका शेटजींकडे, अम्मा. मोठी विलायती गाडी. पण तिचा एक पार्ट विलायतेहून यायचा होता. नऊ वर्षं झाली, अजून आला नाही. रोज पुसतो."

आत्याला मी भाषांतर करून सांगितलं. ती रुमालातून म्हणाली, "याला साधा दर!" दोन दिवसांनंतर माझ्या बोलण्यावर आलेलं ते तिचं पहिलं वाक्य होतं. माझ्याशी नव्हतं, पण मी ते धरून ठेवलं.

कंपनीचे मॅनेजर एकदा प्रत्यक्ष भेटले तर बघू, असं एजंटांनी सुचवलं. बाबांना कारखान्यातून सुटी मिळेना. आत्याचं इंग्रजी चांगलं होतं, तिला मध्यस्थ नको होता. पण एजंट म्हणाले, फॉर्म ज्याने भरला त्याने यावं. बुधवारी दुपारी बारा ते दीड राहुकाळ, तेव्हा त्याच्या आत उरकायला हवं, म्हणून अकराची वेळ ठरली. ड्रायव्हरने आम्हांला कँटोन्मेंटमध्ये नेलं. साडेनऊला निघालो म्हणून अकराला पोचलो. उतरल्यावर आत्या पाच मिनिटं गुलमोहराला हात लावून उभी राहिली.

मॅनेजर वयस्क होते, केस पांढरे, आवाज कोरडा. समोर माझा फॉर्म होता आणि त्यावर कुणीतरी निळ्या पेन्सिलीने ठिकठिकाणी रेघा मारल्या होत्या. मला वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आत्या आणि एजंट दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"माझ्याकडे रोज शंभर फॉर्म येतात. त्यांत कुणालाही कधीच काही झालेलं नसतं," ते म्हणाले. एजंट खोकले. "हा मी दोनदा वाचला. पण बाई, नियम नियम आहे. तुमचं लायसन अकरा दिवसांचं. आता झालं असेल महिन्याचं. तुम्ही चौदा वर्षं गाडी चालवली हे मी कशावरून मानू?"

"मी सांगते म्हणून," आत्या म्हणाली.

"ते मी मानतो. माझी फाइल मानत नाही. जुनं लायसन?"

तिने पर्समधून ती फुगलेली पुस्तिका काढली. त्यांनी ती उघडली, पानं एकमेकांना चिकटलेली बघितली आणि अलगद परत दिली. "दुसरं काही? तुमचं नाव आणि ही गाडी एका कागदावर असेल असं काहीही? आणि तुम्ही स्वतः चालवत होतात असं?"

आत्याने मान ताठ ठेवली. "नाही."

पण होतं. ते खाली गाडीच्या कप्प्यात होतं. मी इंजिनाचा नंबर उतरवावा तसं ते पत्र मनात उतरवलेलं होतं. पॉलिसी इतकी वर्षं अखंड चालू, गाडी मालकीणबाई स्वतः चालवत असताना, वगैरे. आतापर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे आत्याच्या विरुद्धचा कागद म्हणून बघितलं होतं, मीसुद्धा. वारुळावर आदळायला आधी गाडी चालवावी लागते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागणार होतं, आणि तेही पुन्हा एकदा आत्याला न विचारता. टेबलावरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं. एजंटांचा पाय हलत होता. मी म्हटलं, "वारुळाचं पत्र आहे."

"मोठ्याने," मॅनेजर म्हणाले.

मी पूर्ण वाक्यात म्हटलं. वारुळाचं पत्र गाडीच्या कप्प्यात आहे. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या दोन दिवसांचं मीठ मला दिसायला लागलं. मग तिने डोळे मिटले. "जा, आण," ती मराठीत म्हणाली. "आता झाकून काय राहिलंय."

मी जिना धावत उतरले. ड्रायव्हर गाडी पुसत होता. पत्र घेऊन वर आले. मॅनेजरनी ते चष्मा बदलून वाचलं, मग फॉर्म वाचला, मग परत पत्र. "नऊ वर्षं अखंड पॉलिसी," ते म्हणाले. "चालक स्वतः मालकीण. एकच अपघात. वेग नगण्य." त्यांनी नव्या लायसनच्या जादा हप्त्यावर आडवी रेघ मारली. "हे काढलं. अनुभव सिद्ध झाला. पण बाई, अपघात न झालेल्यांना जी सूट असते ती तुम्हांला यंदा देता येणार नाही. वारूळ म्हणजे वारूळ."

"वारुळाची किंमत मी देईन," आत्या म्हणाली. "पुढच्या सीटवर बसून."

एजंटांनी पेन आधीच उघडून धरलं होतं. "अक्का, बाराला पाच कमी! करा, करा सही!" मॅनेजरना त्या घाईचं कारण कळलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सही बाराच्या आत झाली. पण नवी कव्हर नोट टाइप करायला बघावं तर टायपिस्ट जेवायला गेली होती, ती आली तर शिक्का कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली आणखी कुणाकडे. आम्ही कागद घेऊन बाहेर पडलो तेव्हा एक वाजला होता.

ड्रायव्हरला मी सांगितलं. त्याला वाईट वाटलंसं दिसलं नाही. "सरी, अम्मा," तो म्हणाला. "शेटजींचा निरोप आलाय. पार्ट बोटीवर चढला म्हणे." त्याने किल्ली आत्याच्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर एजंटांच्या शेजारी, शेटजी बसत असतील तसा, ऐसपैस बसला. मी पुढे बसले. आत्याने सीट पुढे ओढली, आरसा वळवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली लावली.

"अक्का! स्वल्प थांबा."

"आता काय?"

"दीडपर्यंत राहुकाळ. पहिल्यांदा हातात घेताय. राहुकाळात नको."

"हौदू, अम्मा," ड्रायव्हरने मागून दुजोरा दिला. हौदू म्हणजे होय.

मला वाटलं ती ऐकणार नाही. श्रवण चांगलं आहे, परंतु ऐकतेच असं नाही, हे मी लिहून दिलं होतं. या किल्लीसाठी ती किती जणांशी भांडली होती, आईशी, बाबांशी, कंपनीशी, माझ्याशी. तिने आरशात एजंटांकडे बघितलं. ते टोपी मांडीवर धरून बसले होते, आणि आज तिच्यासाठी ते दुकानात गेले नव्हते. आत्याने किल्ली परत बंद केली.

"पोले पोले," ती म्हणाली.

आम्ही चौघं उन्हात, उभ्या गाडीत, कागदोपत्री सर्व प्रकारे सुरक्षित, बसून राहिलो. एजंटांनी पिशवीतून फुटाणे काढले. ड्रायव्हरने खिडकीची काच रुमालाने पुसली. जाणारे-येणारे वाकून बघत, गाडी बंद पडली की काय. आत्याचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत.

"काय गं," ती समोर बघतच मला म्हणाली, "त्या माकडाचंही लिहिलं होतंस का फॉर्ममध्ये? ज्याने वायपर उपटला आणि मी घाबरून फाटकावर गेले?"

"नाही."

"का? मी तर तुला सांगितलं होतं."

"ते सात वर्षांपूर्वीचं," मी म्हटलं. "फॉर्म पाचच वर्षांचं विचारत होता."

मग दीड वाजला, एजंट "सरी" म्हणाले, आणि तिने गाडी चालू केली. घरी आम्ही वीस मिनिटांत पोचलो. चढावर ती थांबली नाही. रात्री माझ्या टेबलावर जिराफ परत आलेला होता.